मिठाच्या धक्क्यावर आठ मिनिटं

१

आमच्या स्टुडिओत दिवसभर दोनच वाक्यं ऐकू यायची. "हलायचं नाही." आणि मग, "झालं."

पनवेलला टपाल नाक्याच्या गल्लीत 'कुमुद फोटो स्टुडिओ' होता. कुमुद म्हणजे माझी आई. माझे बाबा, कमलाकर, सत्तावीस वर्षं त्याच करड्या पडद्यासमोर त्याच स्टुलावर माणसं बसवत आले होते. पासपोर्टचे फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, बारशाचे फोटो. आणखी एक काम होतं, ज्याबद्दल घरात कुणी फार बोलायचं नाही. एखादा माणूस गेला आणि त्याचा एकही फोटो घरात नसला, की बाबांना बोलावणं यायचं. ते जाऊन फोटो काढायचे आणि मग टेबलाशी बसून, चार केसांच्या ब्रशने, प्रिंटवरचे मिटलेले डोळे उघडून द्यायचे. चार केसांचा ब्रश धरून त्यांचा हात कधी थरथरलेला मी पाहिला नाही.

'झालं'च्या बाबतीत ते फार काटेकोर होते. एकदा एका म्हातारबाईंचा फोटो काढत असताना फोन वाजला. बाबा शटर दाबून तसेच काउंटरवर गेले, बोलत बसले. दहा मिनिटांनी परत येऊन पाहतात तर आजीबाई तशाच. हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्यावर, श्वाससुद्धा बेताबेताने.

"अहो आजी, झालं की केव्हाच!"

"मग सांगायचं नाही का, मेल्या? मान गेली माझी!"

मी आणि आई हसून लोळलो. बाबा हसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "चारू, आपण माणसाला थांबवतो. सोडायचंही आपणच."

माझं नाव चारुता. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते आणि असली वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरायचं. फोटो म्हणजे प्रकाश आणि चांदीचे कण. त्यात सोडणं-धरणं कसलं?

२

हे चौऱ्याण्णव सालचं. मी मुंबईहून फिजिक्स घेऊन बीएस्सी करून आले होते आणि स्टुलावरच्या माणसांना हनुवटी खाली घ्या, थोडी वर घ्या, असं सांगत जन्म काढायची माझी बिलकुल तयारी नव्हती. पुण्यातल्या एका संस्थेने निसर्गछायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती. पहिला येईल त्याला तिथल्या एका नावाजलेल्या छायाचित्रकाराकडे वर्षभर शिकायला मिळणार होतं. मला ते वर्ष हवं होतं.

उरणच्या रस्त्याला मिठागरांच्या मागे खाडीत घुसलेला एक जुना दगडी धक्का आहे. पूर्वी तिथून गलबतं मीठ भरून न्यायची. आता गलबतं नाहीत. मिठागरावरच्या बायका तेवढ्या कालवं काढायला टोकापर्यंत जातात. धक्क्यावरून लांबवर नवा पूल दिसतो. तेव्हा तो दोन्ही काठांकडून आला होता आणि मधली दोन गाळ्यांची जागा रिकामी होती. मला हा धक्का आणि तो पूल एका चौकटीत हवे होते, आणि शटर आठ मिनिटं उघडं ठेवून हवे होते.

दिवसाउजेडी आठ मिनिटं म्हणजे फिल्म जळून जाणार. त्यासाठी लेन्सपुढे काळी काच लागते. ती मला मुंबईतही मिळाली नाही, म्हणून मी बसस्टँडजवळच्या वेल्डरकडून त्याच्या मुखवट्यात बसवतात तसली काच आणली आणि काळ्या चिकटपट्टीने लेन्सवर बसवली.

बाबांनी कपाळाला हात लावला. "लेन्सला गॉगल! तुझ्या फिजिक्सने हे शिकवलं का?"

"चालतंय ना?"

"चालतंय. दिसायला मेलं काळं मांजर दिसतंय."

या प्रकाराची गंमत अशी, की आठ मिनिटांत जे जे हलतं ते फोटोत उमटतच नाही. लाटा दुधाच्या सायीसारख्या सपाट होतात. बगळे, होड्या, चालून गेलेली माणसं, सगळी नाहीशी. राहतं ते फक्त थांबलेलं.

पहिली प्रिंट मी मोठ्या ऐटीत बाबांसमोर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली.

"छान आहे. पण यात माणूस नाही, चारू. धक्का दहा फुटांचा की शंभर फुटांचा, कळत नाही."

"आठ मिनिटं न हलता कोण उभं राहणार?"

"मी राहतो की," बाबा म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं. एकदा आपणही बघावं."

३

जानेवारीतली दुपार. चार वाजून गेलेले, ऊन तिरपं. मी स्कूटर बांधावर लावली, तिवई रोवली. बाबा धक्क्यावर पन्नासेक पावलं आत जाऊन पुलाकडे तोंड करून उभे राहिले. पांढरा शर्ट, काळी पँट, हात मागे बांधलेले. मी शटरची केबल दाबली, लॉक केली आणि ओरडले, "हलायचं नाही!"

त्यांचे खांदे हलले. हसले असावेत. मग स्थिर झाले. इतके, की तो माणूस आहे हे मलाच स्वतःला सांगावं लागलं.

चौथ्या मिनिटाला धक्क्याच्या टोकाकडून कालवांची पाटी डोक्यावर घेऊन एक म्हातारी आली. मिठागरावरची गंगाबाई. येता-जाता मी तिला पाहिलं होतं. ती बाबांपाशी आली, थबकली, आणि मग थबकल्याथबकल्याच एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असं डुलू लागली. तिथल्या बायका धक्क्यावर अशाच उभ्या राहतात हे माझ्या आधीही लक्षात आलं होतं. दोघी बोलत असल्या तरी होडीतल्यासारख्या डुलत असतात. मला वाटायचं, पाय भाजत असतील.

"ओ फोटोवाले," गंगाबाई म्हणाली, "पाय हालवा. हितं असं खांबावानी नाय उभं ऱ्हायचं."

बाबांची मान वळली नाही.

"अवो, ऐकू येतं का नाय? पाय हालवा पाय!"

बाबांची डावी टाच उचलली गेली. फार नाही, दोन बोटं. लांबून मला ती दिसली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाच मिनिटं वाया जाणार होती, उजेडही.

"बाबा, हलू नका!" मी किंचाळले. "आजी, तुम्ही बाजूला व्हा! फोटो चाललाय!"

टाच होती तिथे थांबली. खाली टेकली नाही.

गंगाबाई तरातरा माझ्याकडे आली. "तुझा बापूस ना तो? त्याला का खुट्यासारखा ठोकलास? आमी न्हानपनापासनं धक्क्यावर येतो, पन थांबत नाय."

"का नाही थांबत?"

"का म्हंजे? नाय थांबत."

"कारण माहीत नाही आणि दुसऱ्याचं काम बिघडवायला येता! हेच, हेच चालतं इकडे सगळ्यांचं!"

"शिकलेली हायस ना तू? मंग शिक जरा."

मी अजून काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. मधेच घड्याळ पाहिलं, आठ मिनिटं झाली होती, शटर बंद केलं आणि पुन्हा तिच्याशी भांडत राहिले. ती पाटी सावरत, कुरकुरत निघून गेली. मी रागारागाने काच सोडवली, तिवई मिटली, पिशवी भरली. मागे वळले तर बाबा स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेले.

ते धक्क्यावरून कधी आले, माझ्या शेजारून कसे गेले, मी पाहिलं नाही.

घरी येताना पूर्ण रस्ताभर माझ्या पाठीला त्यांची थरथर जाणवत होती. मला वाटलं, खाडीचा वारा बाधला.

४

फोटो पहिला आला.

मी पुण्याला गेले नाही. कारण मार्चपर्यंत बाबांना ब्रश धरता येईना. हात, मग मान, मग पूर्ण शरीर. जोराचं नाही. पाण्यात बांधून ठेवलेली होडी जशी सारखी थोडी थोडी हलते, तसं. चहा बशीत सांडायचा. झोपेतही पलंगाची पाटी बारीक वाजत राहायची. डॉक्टर म्हणाले कंपवात, या वयात होतो. गोळ्या लिहून दिल्या. मी वाचनालयातून पुस्तक आणून कंपवातावरचं प्रकरण दोनदा वाचलं. त्यात लिहिलेलं बरंचसं जुळत होतं. झोपेतलं जुळत नव्हतं. त्या पानावर मी फार वेळ थांबले नाही.

एप्रिलमध्ये आईबाबांच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. आई म्हणाली, "दोघांचा एक काढ गं. स्टुडिओ माझ्या नावाचा आणि आमचा दोघांचा फोटो लग्नातला तेवढा."

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं, फ्लॅश लावला, काढला.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागदावर आई वर येऊ लागली. पातळाचे काठ, मंगळसूत्राचे मणी, कपाळावरचा एक सुटलेला केस. तिच्या शेजारी शर्टाच्या कॉलरवर काहीतरी पांढरट, सपाट होतं. मी ते ओळखलं. खाडीचं पाणी मी तसंच काढलं होतं. आठ मिनिटांत लाटांचं जे होतं, ते बाबांच्या चेहऱ्याचं झालं होतं.

फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. त्यात पंख्याचं पातंही गोठतं. थरथरणाऱ्या म्हाताऱ्याची काय कथा.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना उन्हात, गच्चीवर उभं केलं. कॅमेऱ्याचा सर्वांत जलद वेग लावला. कुंडीतल्या तुळशीची पानन् पान आली. बाबा पाण्यासारखे आले. मग मी दुसरा कॅमेरा आणला. मग दुसरी फिल्म. मग आईला सांगितलं, की लेन्स बिघडली आहे.

५

जूनच्या आधी मला धक्क्याचे आणखी फोटो काढायचे होते, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला कुठेतरी एकदा सगळं नीट, नियमाप्रमाणे झालेलं पाहायचं होतं.

धक्का रिकामा होता. मी आठ मिनिटं दिली. मधे मिठागरावरच्या तिघी पाट्या घेऊन टोकाकडून आल्या. धक्का तिथे चांगला रुंद आहे, तरी पन्नासेक पावलांवर पुढची बाई अंग चोरून कडेने गेली. तिच्यामागची तशीच. सर्वांत शेवटी गंगाबाई. ती तर पाटी दुसऱ्या हातात घेऊन वळसा घालून आली. बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने जावं तशी.

माझ्याकडे तिने पाहिलं. मग पाटी सावरत बांधाकडे निघून गेली.

घरी फिल्म धुतली. ओली पट्टी दिव्यासमोर धरली. धक्का, पूल, आणि धक्क्यावर माणूस. पाठमोरा, हात मागे, पांढरा शर्ट. निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं, तो काळा ठिपका मला पुरेसा होता.

मी स्वतःला म्हटलं, एकावर एक दोन फोटो पडले. जुनी फिल्म असेल. मग आठवलं, फिल्मचा डबा मी त्याच दिवशी फोडला होता. पुन्हा गेले. नवी फिल्म, आणि दोन्ही वेळा बाबा घरी, खुर्चीत, आई समोर. मुद्दाम आईला विचारलं, "बाबा कुठे गेले होते का?" ती म्हणाली, "ते आता कुठे जाणार, चारू?"

तो होताच. मोठ्या कागदावर छापला. शर्टाच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. डावी टाच दोन बोटं उचललेली होती.

प्रिंट वाळत घातली होती तेव्हा बाबा डार्करूममध्ये आले. दाराला धरून, डुलत. बराच वेळ पाहत राहिले.

"किती वेळ ठेवलं होतंस?"

"आठ मिनिटं."

"हं." मग म्हणाले, "डावी पोटरी फार दुखते गं. बसलेलो असलो तरी. कुणीतरी टाच वर धरायला लावल्यासारखी."

"औषधाचा परिणाम असेल. डॉक्टरांना सांगू."

"चारू, त्या दिवशी तू मला झालं म्हणालीस का?"

ते हसत होते. इतकं सांगितल्यावर मला थांबून आठवायला हवं होतं. पण मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मला राग येतो.

"बाबा, प्लीज! तुम्हाला कंपवात झालाय. आजार आहे तो. असलं काहीतरी बोलून आईला घाबरवू नका."

"बरं," बाबा म्हणाले. "नाही बोलत."

आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मी गप्प करायचे तसे ते गप्प झाले.

६

दिवाळीनंतर दहाव्या दिवशी पहाटे ते गेले. पलंगाची पाटी वाजायची थांबली, त्यानेच आई जागी झाली.

काका अलिबागहून निघाले होते, तोवर बाहेरच्या खोलीत शेजारी बसले होते. सकाळचं ऊन खिडकीतून बाबांच्या अंगावर पडलं होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा ते स्वस्थ दिसत होते. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ह्यांचा एक फोटो काढ."

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच नाही. लोकांचे काढले ना ह्यांनी? तेराव्याला भिंतीवर काय लावू मी, लग्नातला? तो मिशीवाला मुलगा आहे, तो माझा माणूस नाही." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "तू काढ. डोळे तूच उघड. ह्यांच्याच ब्रशने."

मी तिवई लावली. फ्लॅश नको म्हणून शटर दोन सेकंद उघडं ठेवलं. काय घाई होती? मेलेला माणूस हलत नाही. सवयीने तोंडातून "हलाय..." एवढं निघालं, आणि पुढचं गिळलं.

सगळं उरकल्यावर, तिसऱ्या दिवशी, मी ती प्रिंट काढली. उशीच्या अभ्र्यावरची वेल आली. ओठांवर ठेवलेलं तुळशीचं पान आलं, त्याच्या शिरांसकट. नाकातला कापूस आला, त्याचा तंतू न् तंतू.

नाक आलं नाही. चेहरा आला नाही. कापसाचे दोन बोळे आणि एक पान पाण्यावर तरंगत होते.

मी तो कागद हायपोच्या द्रावणातून बाहेर काढला नाही. तिथेच जमिनीवर बसले. मला पहिल्यांदाच ती दुपार सगळीच्या सगळी आठवली. शटर बंद केल्याचा आवाज. गंगाबाईच्या पाटीतून गळणारं पाणी. माझा चढलेला आवाज. त्यात एक शब्द कुठेच नव्हता.

७

बाराव्या दिवशी दुपारी मी घरातून निघाले. काका दारात होते. "आज? अगं घरात माणसं आहेत, जरा रीत..."

"फोटो हवाय ना तुम्हाला उद्या? तो आणायला चालले."

धक्क्यावर कुणी नव्हतं. पुलाची आता एकच फट उरली होती. मी आठ मिनिटं दिली आणि पूर्ण वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. एक बगळा उतरत उतरत आला, तिथे टेकणार तेवढ्यात बाजूला झाला आणि दोन हात पलीकडे बसला. मी काही बोलले नाही. मला आधी फोटो हवा होता. आईसाठी, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी प्रिंट वर आली. या वेळी ते पाठमोरे नव्हते. कॅमेऱ्याकडे वळलेले होते. मी चेहऱ्याएवढाच भाग मोठा केला. सगळं होतं. कानाजवळचा तीळ, चष्म्याचा नाकावरचा वळ, दाढीचे पांढरे खुंट. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, डोळे सरळ लेन्सवर.

आईला दाखवला. तिने पदराने हात पुसले, फोटो घेतला. आधी तिचा चेहरा उजळला. मग हळूहळू विझला.

"हे श्वास रोखून का उभे आहेत?"

मी फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

आईने स्टुडिओत सत्तावीस वर्षं लोकांची मुलं आवरली होती, पदर नीट केले होते, कंगवे दिले होते. स्टुलावरचा माणूस 'झालं' ऐकायच्या आधी कसा दिसतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"चारू," ती अगदी हळू म्हणाली, "ह्यांना कुणी सोडलं नाही का गं?"

तिने फोटो उलटा करून माझ्या हातात दिला. "याला मी हार घालणार नाही. आधी जा. त्यांना सांगून ये."

८

तेराव्याच्या सकाळी पाहुणे यायच्या आत मी खाडीवर होते. ऊन नुकतंच धक्क्यावर आलं होतं. भरती उतरलेली, दगड काळे आणि ओले.

मी कॅमेरा का नेला? आईने तर फक्त सांगून ये म्हटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी तिवई लावली, काच बसवली, शटर उघडलं. आता लगेच म्हणायचं, असं ठरवून तोंड उघडलं, आणि म्हणवेना. एकदा म्हटलं की ते जाणार होते. उभा जन्म मी त्यांना मधेच तोडत आले होते, घाई करत आले होते, आणि आता एक शब्द बोलायचा तर मला वेळ हवा होता. घड्याळाचा सेकंदकाटा एकदा फिरला. समोर काही दिसत नव्हतं. दगड, पाणी, पूल. तिथे कुणीतरी एका टाचेवर दहा महिने उभं होतं, आणि मी अजून एक मिनिट मागत होते.

काटा दुसऱ्यांदा बारावर आला.

"झालं," मी म्हणाले. आवाज निघाला नाही. पुन्हा म्हणाले, मोठ्याने, त्यांच्यासारखं, शेवटचं अक्षर किंचित लांबवून. "झालं, बाबा."

आधी सुस्कारा ऐकू आला. फार लांब, छातीच्या तळापासून. मग धक्क्याच्या ओल्या दगडांवर पावलं. एक नीट पडत होतं, एक ओढत, पायाला मुंग्या आलेल्या माणसाचं. ती माझ्याकडे आली, माझ्या उजव्या बाजूने गेली. मी मान वळवली नाही. मला ते दिसले असते तर कदाचित मी पुन्हा काहीतरी मागितलं असतं.

माझ्या मागे बांधावर स्कूटरच्या मागच्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या आणि खाली बसल्या.

मी तशीच उभी होते. शटर उघडंच होतं. किती वेळ कोण जाणे.

"ए बाय," लांबून हाक आली. मिठागराच्या बांधावर गंगाबाई होती. या वेळी तिने माझ्यावर डाफरलं नाही. "पाय हालव गो तू. हालव पाय."

मी का म्हणून विचारलं नाही. उजवा पाय उचलला, टेकला. मग डावा. मग शटर बंद केलं, आणि तोंडाने, स्वतःलाच, तो शब्द म्हटला.

स्कूटर जड लागत होती. पूर्ण रस्ताभर मी खड्डे चुकवत, हळू चालवली. पाठीला थरथर जाणवली नाही. नाक्यावर वळताना, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मागची सीट एकदा करकरली आणि स्कूटर हलकी झाली. स्टुडिओचं शटर बंद होतं. मी तिथे क्षणभर थांबले आणि मग घरी गेले.

९

त्या शेवटच्या फोटोचं गणित सोपं आहे. शटर आठ मिनिटं, किंवा त्याहून थोडं अधिक, उघडं होतं. त्यातली पहिली दोन मिनिटं ते तिथे होते, पुढे नव्हते. असा माणूस फिल्मवर पूर्ण उमटत नाही आणि पुसलाही जात नाही. विरळ उमटतो, धुक्यासारखा.

ती दोन मिनिटं माझी आहेत. ती मी घेतली. नसती घेतली तर फोटोत काही आलं नसतं, आणि घेतली म्हणून ते दोन मिनिटं जास्त उभे राहिले. दोन्ही खरं आहे.

आता स्टुडिओ मी चालवते. प्रत्येकाला झालं म्हणते, तान्ह्या पोरांनासुद्धा. पूल त्या वर्षीच जोडला गेला. धक्का आहे, मी जात नाही.

आमच्या घरात हार घातलेला फोटो एका धक्क्याचा आहे. नवे पाहुणे येतात, चष्मा सावरून बघतात आणि विचारतात, अहो, हा तर खाडीचा देखावा, याला हार का? आई त्यांना खुर्ची जरा डावीकडे घ्यायला सांगते. खिडकीचा उजेड काचेवरून सरकतो, आणि मग पन्नासेक पावलांवर एक माणूस दिसतो. हात मागे बांधलेले, तोंड आमच्याकडे. चेहरा ओळखू येत नाही. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या आहेत. त्यांच्या छातीतून पलीकडचा पूल आरपार दिसतो.